हिमालयात सॅक स्वतः वाहायची आहे, २६ जानेवारीच्या लाँग वीकेंडला रतनगड ते हरिश्चंद्रगड सराव कसा आखावा?

धारेवरचा (प्रश्न)

मंडळी, आम्ही चौघं मे अखेरीस हिमालयातली रूपिन पास ही खिंड करणार आहोत. सोबत स्थानिक गाईड असेल, पण खेचर आणि पोर्टर नाहीत. तंबू, शिधा, स्टोव्ह सगळं आपापल्या पाठीवर. सॅक १४ किलोपर्यंत जाईल असा अंदाज आहे. चौघांनाही किल्ल्यांची सवय आहे, पण ती एका दिवसाची, पाठीवर पाणी आणि डबा एवढंच घेऊन.

२०२६ मध्ये २६ जानेवारी सोमवारी येतेय, म्हणजे शनिवार ते सोमवार सलग मिळतात. विचार असा आहे: रतनवाडीतून रतनगड, मग कात्राबाई खिंडीतून कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि शेवटी टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचं. दोघं पुण्याहून, दोघं ठाण्याहून येणार. मध्ये सात आठवडे आहेत.

विचारायचं ते असं. तीन दिवसांत हे बसतं का? वजन पहिल्यापासून पूर्ण घ्यावं की टप्प्याटप्प्याने? जेवण, पाणी, गॅस यांचा हिशेब कसा करायचा? आणि चौघांपैकी एकाचे गुडघे उतारावर कुरकुरतात, त्याच्यासाठी आधीपासून काय करता येईल?

खिंडवाट

मार्ग उत्तम निवडलाय, पण पूर्ण चालत करायचा तर तो चार दिवसांचा आहे. ओझ्यासह तीन दिवसांत कोंबलात तर शेवटचा उतार अंधारात येईल, आणि टोलार खिंडीवरचा कातळटप्पा दमलेल्या पायांनी अंधारात उतरायची जागा नव्हे. मी असा कापेन:

शनिवारी रतनवाडीतून दहाच्या आत निघा. अमृतेश्वराच्या मंदिरापासून प्रवरेच्या काठाने रानात शिरलात की पुढे वाट फुटते, एक गडाकडे आणि एक कात्राबाई खिंडीकडे. हा फाटा जाताना नीट बघून ठेवा, दुसऱ्या दिवशी इथेच परत यायचंय. वर लोखंडी शिड्या आहेत. लाँग वीकेंडला दुपारच्या सुमारास चढणारे आणि उतरणारे तिथे एकत्र येतात आणि खोळंबा होतो. मोठ्या सॅकला बाहेर मॅट, मग, काठ्या लटकवलेल्या असतील तर त्या शिडीच्या गजात अडकतात आणि तोल मागे जातो. शिडीआधी सगळं आत भरा, काठ्या मिटवा, एका वेळी एकानेच चढा. सॅकसह साडेतीन तास धरा. गडावर पोचलात की सॅक खाली ठेवून नेढं (कातळातलं आरपार भोक) पाहून या.

मुक्काम गडावरच्या गुहेत करायचा विचार असेल तर रतनवाडीच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरतानाच परवानगीचं विचारा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाही म्हणाले तर संध्याकाळी उतरून गावात राहा. त्यात सरावाचं काहीच बिघडत नाही, उलट ओझ्यासह एक उतार जास्तीचा मिळतो.

रविवार हा खरा दिवस. त्या दिवसांत सूर्योदय सव्वासातच्या आसपास, सूर्यास्त सव्वासहा ते साडेसहा. उजाडताच निघा. गडावरून फाट्यापर्यंत दीड तास, फाट्यापासून खिंडीत अडीच ते तीन तास, खिंडीतून कुमशेत अडीच तास. विश्रांती धरून आठ-नऊ तास होतात. खिंडीआधी दाट रान आहे आणि खिंडीपलीकडच्या उतारावर ढोरवाटा फुटतात. मळलेली दिसते ती प्रत्येक वाट गावाला जात नाही, कित्येक चरणीवर जाऊन संपतात. रतनवाडीतून कुमशेतपर्यंत वाटाड्या घ्या. दुपारी एकपर्यंत खिंडीत पोचला नाहीत तर मागे फिरून रतनवाडीला उतरायचं, हे शनिवारीच चौघांनी ठरवून टाका. खिंडीत उभं राहून चर्चा केली की "आता आलोच आहोत तर" हेच जिंकतं.

कुमशेत ते पाचनई हा टप्पा गाडीने करा. पेठेच्या वाडीवरून चालत गेलात तर साडेतीन-चार तास जातात आणि सोमवारचं गणित कोलमडतं. मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही, म्हणून जीप निघायच्या आधीच ठरवून ठेवा: रविवारी संध्याकाळी पाचला कुमशेत, मुक्काम पाचनई.

सोमवारी सातला पाचनई सोडलंत की दहा-साडेदहापर्यंत हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी. कोकणकडा पाहून बाराला मंदिर सोडायचंच. पठारावर लहान-लहान टेकाडं एकामागून एक येतात, सगळी सारखी दिसतात, आणि हरिश्चंद्रगडावर सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात. ऑफलाइन नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा आणि प्रत्येक टेकाडावर तपासा. टोलार खिंड तीनपर्यंत, खिरेश्वर पावणेपाच-पाचला.

कुणाचं काही दुखलं तर सुटायच्या जागा: पहिल्या दिवशी रतनवाडी, दुसऱ्या दिवशी कुमशेत, तिसऱ्या दिवशी पाचनई. तिन्ही ठिकाणी गाडी येते. सरावासाठी हा मार्ग मला आवडतो तो याच कारणाने.

ओझंभर

खिंडवाट यांनी वेळापत्रक दिलंय, मी वजनावर लिहितो. किती अंतर चाललात यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, अंग आखडलेलं असताना, तीच सॅक पुन्हा चढवून आठ तास चालता येतं का, हे या तीन दिवसांत कळायला हवं. एकदिवसीय ट्रेक कितीही केले तरी हे कळत नाही.

आधी तुमचा अंदाज तपासू. रिकामी सॅक १.८ किलो, स्लीपिंग बॅग १.४, मॅट ०.४, दोघांच्या तंबूतला आपला वाटा १.३, कपडे १.६, स्टोव्ह-भांड्यांचा वाटा ०.६, तीन दिवसांचा कोरडा शिधा २, पाणी ३, टॉर्च-औषधं-पॉवरबँक वगैरे ०.८. झाले जवळजवळ १३ किलो. हिमालयात सहा दिवसांचा शिधा घेतलात तर दोन किलो वाढतात, गरम कपड्यांचे दीड, आणि वाटेत पाणी मिळत असल्याने दीड लिटर कमी. म्हणजे पहिल्या दिवशी १५ किलो. १४ धरून बसू नका. ६५ किलोच्या माणसाला १३ किलो म्हणजे वजनाचा पाचवा भाग, सवयीने पेलतो. ५० किलोच्या माणसाला तेवढंच ओझं पाव हिश्शाहून जास्त होतं. त्यामुळे सामायिक सामान चार समान वाट्यांत न वाटता ज्याच्या-त्याच्या वजनाप्रमाणे वाटा.

सात आठवडे असे घाला. पहिल्या आठवड्यात ६ किलो, मग दर आठवड्याला किलो-सव्वा किलो वाढवत सहाव्या आठवड्यात १२. सातव्यात निम्म्यावर या आणि फक्त पाय मोकळे ठेवा. आठवड्यात दोनदा जिने: दहा मजली इमारत साधारण ३० मीटर, दहा फेऱ्या म्हणजे ३०० मीटर चढाई. पुणेकरांना रविवारी आतकरवाडीतून सिंहगड आहेच, एका चढाईत सुमारे ६०० मीटर मिळतात. पाचव्या आठवड्यात शनिवार आणि रविवार दोन्ही दिवस, त्याच सॅकसह. हा जोडदिवस चुकवू नका, बाकी एखादा दिवस बुडाला तरी चालेल.

वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा, विटा किंवा डंबेल नकोत. डंबेल सॅकच्या तळाशी बसतात, ओझं कमरेखाली ओढतं आणि माणूस पुढे वाकून चालायला शिकतो. शिवाय पाणी वर गेल्यावर ओतून टाकता येतं.

आता सॅक. उंच माणसाला मोठी सॅक असा हिशेब नसतो, पाठीची लांबी मोजावी लागते. मान पुढे झुकवा, मानेच्या तळाशी जो मणका बोटाला ठळक लागतो तिथून, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवल्यावर अंगठ्यांची जी रेषा होते तिथपर्यंत टेप लावा. त्या मापाची सॅक घ्या किंवा आहे तिची पाठ सरकवून जुळवा. घालताना सगळे पट्टे ढिले करा. आधी कमरपट्टा, तो पोटावर नाही, कमरेच्या हाडांच्या कडेवर बसला पाहिजे. मग खांद्याचे पट्टे, अंगाला लागतील एवढेच. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, ते तिरके, साधारण ४५ अंशांत राहावेत. छातीचा पट्टा सर्वांत शेवटी. तासाभराने खांदे दुखायला लागले तर बहुतेक वेळा कमरपट्टा खाली घसरलेला असतो.

भरताना तळाला स्लीपिंग बॅग, जड सामान (शिधा, स्टोव्ह, पाणी) खांद्याच्या पात्यांच्या मधोमध, पाठीला चिकटून. हलकं बाहेरच्या बाजूला. कचऱ्याची मोठी जाड पिशवी आतून अस्तरासारखी लावा. रेनकव्हर पाठीच्या बाजूने गळतं, ही पिशवी गळत नाही.

गुडघ्याचं वेगळं लिहितो, आधी जेवणाचं कुणीतरी लिहा.

शिधापाणी

लिहितो. माणशी दिवसाला कोरडा शिधा ६०० ते ६५० ग्रॅम. यात घरून नेलेल्या तयार पोळ्या-दशम्या धरल्या नाहीत, त्यांच्यात पाणी असतं.

रात्रीची खिचडी चौघांना: तांदूळ ३०० ग्रॅम, मूगडाळ १५०, दोन्ही घरीच कोरडे भाजून मसाला-मीठ-हळदीसह एका पिशवीत. जागेवर पोचल्याबरोबर भिजत टाका, तंबू लावेपर्यंत अर्धा तास होतो. मग दोन लिटर पाणी आणि वरून तूप. तूरडाळ नेऊ नका, साध्या पातेल्यात ती गॅस खाते. सकाळी भाजलेल्या रव्याचं उपीट, माणशी ८०-९० ग्रॅम, फोडणी घरूनच दिलेली. दुपारी स्टोव्ह काढूच नका, दुधातल्या दशम्या किंवा थेपले आणि शेंगदाण्याची चटणी जानेवारीत तीन दिवस आरामात टिकतात. चालताना खायला गूळ-शेंगदाणे आणि खजूर, माणशी शंभरेक ग्रॅम, सॅकच्या पोटात नाही तर कमरपट्ट्याच्या खिशात. सॅक उतरवावी लागली की माणूस खायचं टाळतो आणि चारनंतर सगळ्यांची बॅटरी उतरते.

पाचनईला गावात पिठलं-भाकरी मिळते, हरिश्चंद्रगडावरही मिळते. तरी शनिवारची रात्र तुमच्या स्वतःच्या स्टोव्हवर करा. दमलेल्या हातांनी, हेडटॉर्चच्या उजेडात, वाऱ्यात चौघांचं जेवण किती वेळात होतं, हा सरावाचाच भाग आहे. रविवारी गावात जेवा, गावाला चार पैसेही मिळतात.

गॅस: २३० ग्रॅमच्या कॅनिस्टरवर (स्टोव्हला जोडायची छोटी गॅसबाटली) आडोशाला एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम लागतात. खिचडी मंद आचेवर शिजवायची म्हणजे एका वेळेला ४०-५० ग्रॅम. एक रात्र, दोन सकाळी आणि चहा एवढ्याला एक कॅनिस्टर पुरतं, पण वाऱ्यात खर्च सहज वाढतो, म्हणून ॲल्युमिनियमची घडीची वाऱ्याआड न्या. ती लावताना कॅनिस्टरला चहूबाजूंनी वेढू नका. उष्णता आत कोंडते आणि कॅनिस्टर तापतं, ते धोक्याचं आहे. अभयारण्यात लाकडं पेटवायची नाहीत, जानेवारीत गवत वाळलेलं असतं.

दोन गोष्टी ठाण्याकरांसाठी. रेल्वेत आणि विमानात गॅस कॅनिस्टर नेता येत नाही. कसाऱ्याला लोकलने येणार असाल तर कॅनिस्टर पुणेकरांच्या गाडीतून येऊ द्या आणि भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात भेटा. मे महिन्यातही ते जाण्याच्या गावीच मिळवावं लागेल. आणि तिथे साधं ब्युटेन चालणार नाही. शून्य अंशांच्या जवळ त्याचा वायू होणंच थांबतं, आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण लागतं. तसंच ४००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपास उकळतं, डाळ कितीही ठेवली तरी कच्ची राहते. सह्याद्रीत जमलेली खिचडी वर जमेल असं समजू नका, वरसाठी आधी शिजवून वाळवलेलं अन्न लागेल.

पाणी: रतनगडावर टाक्यांत मिळतं, पण रविवारी गड सोडताना माणशी तीन लिटर भरलेलं पाहिजे. फाट्यापासून कुमशेतपर्यंत जानेवारीत ओढ्यांवर अवलंबून राहायचं नाही. टाक्याचं पाणी आधी दुहेरी सुती फडक्यातून गाळा, मग क्लोरीनची गोळी आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी. हरिश्चंद्रगडावरच्या पुष्करणीचं पाणी पिऊ नका, प्यायच्या पाण्याची टाकी वेगळी आहेत, तिथल्या झोपडीवाल्यांना विचारा. घामाचे दिवस आहेत, एक लिटरमागे ओआरएस घाला, पण पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. कमी पाण्यात दाट करून प्यायलं तर उलटी होते.

धारेवरचा

खूप उपयोग झाला. जीप आजच ठरवतो आणि कॅनिस्टर पुण्याच्या गाडीत. एक शंका राहिली. वर गेल्यावर पाणी ओतून द्यायचं म्हणता, पण हिमालयात तर ओझ्यासह उतरावं लागणार. मग ओझ्यासह उतरायचा सराव कधी करायचा?

ओझंभर

बरोबर पकडलंत. पहिले तीन आठवडे ओतून द्या, चौथ्यापासून निम्मं ठेवा, सहाव्यात पूर्ण ओझं घेऊन उतरा. मांडीचा स्नायू चढताना आखडतो आणि उतरताना ताणला जात असतानाच जोर लावतो. दुसऱ्या दिवशी जे दुखतं ते उतारामुळे. एकदा थोड्या ओझ्यावर उतरलात तर पुढच्या वेळी तेवढं दुखत नाही, स्नायू लवकर शिकतो. सांधा मात्र हळू शिकतो, म्हणून टप्पे.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी: जिन्याच्या एका पायरीवर एका पायावर उभे राहा, दुसऱ्या पायाची टाच खालच्या पायरीला हलकेच टेकेपर्यंत तीन मोजत खाली या, परत वर. दहा-दहाचे तीन संच, एक दिवसाआड, आधी ओझ्याशिवाय. आरसा समोर असू द्या. गुडघा आतल्या बाजूला झुकताना दिसला की तिथेच थांबा, कारण खुब्याचे स्नायू थकले की तो आत जातो आणि बऱ्याचदा तेच दुखण्याचं मूळ असतं. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा जिना उतरताना अचानक दगा देत असेल तर सराव थांबवून हाडांच्या डॉक्टरकडे जा, त्यावर व्यायाम लिहून चालणार नाही.

उतारावर दोन काठ्या, चढापेक्षा थोड्या लांब केलेल्या. पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला. वाळक्या गवतावर टाच रोवून उतरलात तर घसरणार. अख्खा तळवा टेकवा आणि शक्य तिथे दगडावर पाय द्या.

बूट रूपिनला जे घालणार तेच आत्तापासून घाला. उतारावर अंगठा पुढे आपटला तर नख काळं पडतं. नखं दोन दिवस आधी कापा आणि घोट्याजवळच्या वरच्या दोन भोकांतून नाडीची फासकडी करून टाच घट्ट बांधा. सुती मोजे नकोत. टाच चुरचुरली की लगेच थांबून कोरड्या त्वचेवर चिकटपट्टी. पाणी भरलेला फोड आल्यावर पट्टी लावण्यात अर्थ कमी उरतो.

खिंडवाट

गटाबद्दल थोडं. सर्वांत हळू चालणारा शेवटी ठेवू नका, दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. शेवटी ठेवला की पुढचे थांबून विश्रांती घेतात, तो पोचतो तेव्हा ते उठतात, आणि ज्याला गरज आहे त्यालाच विश्रांती मिळत नाही. चढावर पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग. ५० मिनिटं चाल, १० मिनिटं सॅक खाली. शेवटच्या माणसाकडे औषधं, शिट्टी आणि क्रेप बँडेज.

वेळेचा अंदाज बांधायचा जुना हिशेब आहे: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, ६०० मीटर चढाईला आणखी एक. सॅक आणि रान धरून त्याची दीडपट करा. शनिवारी प्रत्यक्ष किती लागला ते लिहून ठेवलंत तर रविवारचा अंदाज स्वतःच्याच आकड्यांवर बांधता येईल.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ नको, कड्याखाली धूर आणि आरडाओरडा नको. उठलीच तर हात न झटकता तोंड-डोकं झाकून लांब पळा. काटा राहिला असेल तर लगेच खरवडून काढा.

आणि एक स्पष्ट सांगतो. बर्फावरची चाल आणि उंचीची सवय या दोन गोष्टी सह्याद्रीत कितीही घाम गाळला तरी मिळत नाहीत. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, रूपिन पास ४६५० च्या आसपास. वर गेल्यावर तब्येतीने कितीही साथ दिली तरी ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. उलट दमदार माणूसच घाईने चढतो आणि डोकेदुखी लपवतो.

शिधापाणी

निघताना चारही सॅक वजनकाट्यावर तोला आणि आकडा लिहा. घरी परत आल्यावर सगळं जमिनीवर पसरून न वापरलेल्या वस्तू बाजूला काढा. औषधं, रेनकोट, जादा बॅटरी सोडून जे वापरलंच नाही ते मे महिन्यात न्यायचं नाही. उरलेला शिधाही तोला. ३०० ग्रॅमपेक्षा जास्त उरला असेल तर माणशी हिशेब ५५० वर आणता येईल, अगदी काहीच उरलं नसेल आणि शेवटच्या दुपारी चिडचिड झाली असेल तर ७०० करा.

परतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून: खिरेश्वरहून खुबी फाट्यापर्यंत धरणाच्या भिंतीवरून साधारण पाच किलोमीटर आहे. सॅकसह तास-सव्वा तास, तेव्हा गावातून जीप मिळाली तर घ्या. खुबी फाटा माळशेज रस्त्यावर आहे. तिथून ठाण्याचे दोघं कल्याणच्या एसटीने आणि पुण्याचे आळेफाट्याच्या एसटीने निघू शकतात. सोमवारची सुट्टी असल्याने संध्याकाळच्या गाड्या भरून येतात, हात केला तरी न थांबणाऱ्याही असतात. गाडी शेंडीला सोडून आला असाल तर ती आणायला कोण जाणार हे आधी ठरवा, नाहीतर पुण्याहून चालकासह जीप करा आणि त्यालाच सोमवारी चारला खिरेश्वरला बोलवा.